दोन वाक्ये बोला, पण उभे राहून बोला

वाचकहो, आपल्या गावच्या ग्रामसभेचे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणा. शाळेच्या पटांगणात नाहीतर देवळापुढच्या मंडपात सतरंज्या अंथरल्या आहेत. टेबलामागे सरपंच आणि भाऊसाहेब बसले आहेत. एकामागून एक विषय वाचून होतात. मग विचारणा होते, "कुणाला काही बोलायचे आहे का?" आणि एवढी मोठी सभा एकाएकी गप्प होते. कुणी खाली पाहतो, कुणी टोपी काढून झटकतो, कुणी शेजाऱ्याला कोपराने ढोसतो, "तू बोल की!" नेहमीचे दोन-चार बोलणारे बोलतात, ठराव होतो आणि मंडळी उठतात.

खरी सभा भरते ती त्यानंतर. पारावर, चहाच्या टपरीवर, पाणवठ्यावर. तिथे मात्र प्रत्येकाला कंठ फुटतो. "रस्ता त्यांच्या मळ्यापर्यंत गेला, आमच्या वस्तीचे काय?" "घरकुलाच्या यादीत आमचे नाव का नाही?" प्रश्न रास्त असतात. पण इतिवृत्ताच्या वहीत त्यातले एक अक्षरही आलेले नसते. तिथे एवढेच असते की ठराव सर्वानुमते मंजूर. तुम्ही गप्प राहिलात आणि वहीने त्याला तुमची संमती समजले.

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे आपली जुनी माणसे सांगत आली आहेत. तरीही आपण बोलत नाही. असे का होते आणि त्यावर काय उपाय करावा, याचा आज विचार करू.

रंग लावला की भीती जाते

आपल्या खेड्यातल्या माणसाला बोलताच येत नाही, असे कुणी म्हणेल तर ते खोटे आहे. कोकणातला दशावतार घ्या. दिवसा शेतात राबणारी माणसे रात्री तोंडाला रंग लावून, मुकुट चढवून उभी राहतात आणि पहाटेपर्यंत शेकडो लोकांपुढे बोलतात. त्यांचे संवाद लिहिलेले नसतात. आज कोणते आख्यान करायचे तेवढे आधी ठरते. बाकीचे बोलणे जागच्या जागी सुचलेले असते. तिकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात. घाटावर भारुडे होतात, भजनी मंडळे होतात. मंचाचे भय आपल्या रक्तात आहे असे कोण म्हणेल?

आणि बायाबापड्यांचे म्हणाल तर जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आई, माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊसपाणी, सासरचा जाच, असे आयुष्यातले काहीही त्या बायांनी बोलायचे सोडलेले नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईलाही शब्दांची वाण कधी पडली नव्हती.

मग दशावतारात रावण होऊन गर्जना करणारा गडी ग्रामसभेत दोन वाक्ये का बोलू शकत नाही? कारण सरळ आहे. तिथे त्याला आडोसा असतो. रंगाचा आडोसा, मुकुटाचा आडोसा. चुकला तर रावण चुकतो, तो चुकत नाही. ओवी गाणाऱ्या बाईला पहाटेच्या अंधाराचा आणि जात्याच्या घरघरीचा आडोसा असतो. ग्रामसभेत असा आडोसा नाही. तिथे तुम्ही तुमच्याच चेहऱ्याने, तुमच्याच नावाने उभे राहता. समोर कुणी परके नसते. चुलते असतात, भाऊबंद असतात, सावकार असतो, जिच्याशी बांधावरून बोलणे बंद आहे ती शेजारीणही असते. उद्या सकाळी ह्याच माणसांत वावरायचे असते. म्हणून पाय थरथरतात.

हे एकदा लक्षात आले म्हणजे निम्मे ओझे उतरते. तुम्हाला बोलायला येते. आडोशाशिवाय दिसायची सवय तेवढी नाही. आणि सवय ही लावून घेता येते.

छातीत धडधडते, ते का?

उसाच्या सरीत चालताना पायाशी साप सळसळला तर काय होते? छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, पोटात खड्डा पडतो. सभेत उभे राहताना नेमके हेच होते. शरीराला साप आणि सभा यांतला फरक कळत नाही. दोन्ही वेळा त्याला एवढेच समजते की काहीतरी संकट आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रक्तात ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे हृदय जोरात चालते आणि हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळते, म्हणजे माणूस लढायला किंवा पळायला तयार होतो. सभेत लढायचेही नसते आणि पळायचेही नसते. मग ती शक्ती हात कापण्यात आणि आवाज थरथरण्यात बाहेर पडते.

म्हणजे ही धडधड हा रोग नाही आणि भित्रेपणाची खूणही नाही. उभे राहण्याआधी आणि पहिल्या काही वाक्यांत ती सर्वांत जास्त असते. बोलत राहिलात की ओसरू लागते. म्हणूनच पहिल्या वाक्याला बसून घेणारा माणूस कायम घाबरत राहतो. भीती ओसरण्याआधीच तो पळालेला असतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याला वाटते, माझे गुडघे कापताहेत ते साऱ्या गावाला दिसले. तसे नसते. केनेथ सावित्स्की आणि टॉमस गिलोविच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करणाऱ्यांना आपली घाबरगुंडी जेवढी उघड वाटत होती, तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसतच नव्हती. काही जणांना त्यांनी हे आधीच सांगून ठेवले. नुसते एवढे कळल्याने ती माणसे इतरांपेक्षा बरी बोलली. तेव्हा तुम्हीही हे ध्यानात ठेवा. तुमची धडधड तुमच्या कानांत ढोलासारखी वाजते. चार हातांवर बसलेल्याला ती ऐकू जात नाही.

बॅरिस्टर खाली बसले

महात्मा गांधींची गोष्ट सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. ती त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. लंडनमध्ये शिकत असताना ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. बैठकीला जायचे, पण बोलायचे नाही. एकदा एका सभासदाला काढण्याचा प्रश्न निघाला. गांधीजींचे मत पक्के होते, पण उठून बोलवेना. त्यांनी ते कागदावर लिहून आणले. तेही वाचायची हिंमत झाली नाही, दुसऱ्याने वाचून दाखवले.

१८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परत आले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात त्यांना पहिला दावा मिळाला. फी ३० रुपये ठरली. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला ते उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले, दुसरा वकील करा म्हणून त्यांनी सांगितले आणि लगबगीने न्यायालयाबाहेर पडले.

आता पुढचे पाहा. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली. आलेली मंडळी बहुतेक व्यापारी होती. व्यापारातला खरेपणा आणि आपल्या लोकांच्या अडचणी यांवर ते बोलले. हे आपले आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी लिहिले आहे. मुंबईत खाली बसलेला माणूस तिथे उभा राहिला, तो काय केल्याने?

दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे त्यांनी विषयाची तयारी केली होती. दुसरी म्हणजे ह्या वेळी 'मी कसा दिसतो' हा प्रश्न मागे पडला होता. तिथल्या आपल्या लोकांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, स्वतः सोसले होते. काम मोठे झाले आणि भीती त्याच्या मागे गेली. पुढेही भिडस्तपणा त्यांना पुरता सोडून गेला नाही. उलट त्यामुळे मोजके बोलायची सवय लागली, असे ते म्हणतात. भीती समूळ गेली की मग बोलू, असे म्हणून ते थांबले असते तर देशाचे केवढे नुकसान झाले असते!

तयारी कशी करावी

बियाणे पेरण्याआधी आपण रान तयार करतो. बोलण्याचेही तसेच आहे. पुढील गोष्टी करून पाहा.

एक. एकच विषय निवडा. पाणंद, पाणी, दिवा आणि घरकुल असे सगळे एका दमात मांडू नका. ज्याची झळ तुम्हाला रोज लागते तो विषय घ्या. त्याची माहिती तुमच्याइतकी सभेत कुणालाच नसते.

दोन. तीन गोष्टी लिहून काढा: काय अडले आहे, किती लोकांचे अडले आहे आणि काय करून हवे आहे. उदाहरणार्थ, "आमच्या वस्तीवरचा हातपंप दोन महिने बंद आहे. अकरा घरांना अर्ध्या मैलावरून पाणी आणावे लागते. दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते आज सांगावे आणि इतिवृत्तात लिहावे." झाले भाषण! याला अर्धा मिनिटही लागत नाही. अलंकार नकोत आणि पुस्तकी भाषाही नको. घरी बोलता तीच बोली सभेतही चालते.

तीन. पहिले वाक्य तोंडपाठ करा. घसरण तिथेच असते. ते एकदा पार पडले की पुढचे आपोआप येते.

चार. मोठ्याने सराव करा. मनातल्या मनात म्हटलेले सभेत उपयोगी पडत नाही. गोठ्यात म्हशीपुढे म्हणा, मोटारीवर पाणी धरताना म्हणा. नंतर घरातल्या एका माणसापुढे म्हणा, मग दोन शेजाऱ्यांपुढे. ऐकणारे एकेक वाढवत न्या. लहान वासराला एकदम जू चढवत नाहीत, तसेच हे.

पाच. एकदम ग्रामसभेत उभे राहणे जमत नसेल तर बचत गटाच्या बैठकीत, दूध सोसायटीत, शाळेच्या पालकसभेत आधी बोला. कृषी सहाय्यक शिवारात आले तर एक प्रश्न विचारा. प्रश्न विचारणे हेही बोलणेच आहे.

सहा. सभेला लवकर जा आणि पुढे बसा. मागे बसलेल्या माणसाला उठताना सगळ्यांच्या माना वळलेल्या दिसतात, पुढच्याला त्या दिसत नाहीत. तुमच्या बाजूच्या एका माणसाला समोर बसायला सांगा आणि त्याच्याकडे पाहून बोला.

सात. उभे राहण्याआधी दोन-तीन वेळा श्वास सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा. घोटभर पाणी प्या. हातात घडी केलेला कागद असू द्या. अडलात तर कागद पाहून वाचा. त्यात कमीपणा काही नाही, मोठमोठे पुढारीही कागद पाहूनच बोलतात.

आणि समजा, तरीही अडखळलात, कुणी हसले? आपल्याकडे म्हणतातच, हसतील त्याचे दात दिसतील. तुमचा हातपंप मात्र वहीत लिहिला जाईल.

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी

पुरुषाच्या दुप्पट अडचण तुमची आहे, हे खरे. समोर सासरे बसलेले, भाऊजी बसलेले. डोक्यावरचा पदर सावरायचा की माईक धरायचा? लहानपणापासून "हळू बोल, दिसू नकोस" हेच कानांवर पडलेले असते. मग एका दिवसात आवाज कुठून येणार?

परंतु कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. गावच्या मतदार यादीत जिचे नाव आहे ती प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद आहे. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्यात आणि ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असेही आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ही महिला सभा म्हणजे तुमची तालीम समजा. तिथे सगळ्या आपल्याच असतात. विषय तिथे बोलून घ्या, ठरवून घ्या आणि मग ग्रामसभेत मांडा.

एकटीने जाऊ नका. चौघी-पाचजणी मिळून जा आणि एकत्र बसा. एक बोलेल, दुसरीने लगेच उठून "ती म्हणते ते खरे आहे" एवढेच म्हणावे. एकटा आवाज दाबता येतो, चार आवाज दाबणे अवघड जाते. बोलताना आपले नाव सांगा. "अमक्याची सून" ही ओळख घरात गोड आहे, वहीत मात्र तुमचे नाव यायला हवे.

आणि ज्या निवडून आल्या आहेत, त्यांच्यासाठी एक सांगणे. सही तुमची आणि बोलणे मालकांचे, हा प्रकार अजूनही अनेक गावांत चालतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे आहे हे. खुर्ची तुमची आहे, तर पहिले वाक्य तरी तुमचेच असू द्या. "मी सरपंच म्हणून सभा सुरू झाल्याचे जाहीर करते," एवढ्यानेच सुरुवात करा. पुढच्या सभेत दुसरे वाक्य येईल.

ऐकणाऱ्यांचेही काम आहे

सभाधीटपणा हा बोलणाऱ्याचा गुण आहे असे आपण समजतो. पण निम्मा गुण ऐकणाऱ्यांचा असतो. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोराला "बस रे, तुला काय कळते" म्हणणारे एक म्हातारे गावातली दहा तोंडे कायमची बंद करतात. त्याउलट "बोलू द्या त्याला" म्हणणारे एक माणूस दहा तोंडे उघडते. सभेतल्या वडीलधाऱ्यांनी हे दुसरे माणूस व्हावे.

घरातही तसेच. मुलीने सभेत चार वाक्ये बोलली आणि दोन चुकली, तर घरी येताना आधी चुका सांगू नका. "बरे मांडलेस" एवढे आधी म्हणा. शाळेच्या संमेलनात मूल कविता विसरले तर तो चेष्टेचा विषय करून पाहुण्यांना सांगत बसू नका. आणि लाजणाऱ्या मुलाला पाहुण्यांपुढे ओढून "म्हण, म्हण" अशी बळजोरीही नको. त्याला घरातल्या निर्णयात विचारा. यंदा हरभरा करायचा की गहू, तुला काय वाटते? ज्या मुलाचे घरात ऐकले जाते, ते उद्या गावात बोलते.

घोंगडी पांघरलेला पाहुणा

शेवटी एक मोठे उदाहरण. १८८८ मध्ये पुण्यात इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. बडी बडी मंडळी भरजरी पोशाखात, दागदागिने घालून आली होती. त्यांत महात्मा जोतीराव फुले आले, ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून. तेवढ्या झगमगाटात उभे राहून त्यांनी राजपुत्राला सांगितले की ही जमलेली श्रीमंत मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यापाड्यांत आहे, गरीब आहे, आणि तिला शिक्षणाची गरज आहे.

जोतीरावांना चांगला पोशाख करता आला नसता असे नाही. ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांच्यासारखे दिसायचे, हे त्यांनी ठरवले होते. आपण कपडे साधे म्हणून मागे बसतो, भाषा गावठी म्हणून गप्प बसतो, हात राकट म्हणून पाठीमागे लपवतो. त्यांनी नेमके तेच पुढे केले, आणि तीच त्यांच्या बोलण्याची ताकद ठरली. आडोसा न घेता दिसण्याचे धैर्य म्हणतात ते हेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण फार जपली. पण मूठ झाकलेलीच राहिली तर पेरणी कशी व्हायची? पेरायचे तर मूठ उघडावीच लागते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली किंवा दवंडी ऐकू आली की त्याच रात्री जेवणे झाल्यावर घरातली सगळी मंडळी एकत्र बसा. आपल्या घरचा, आपल्या वस्तीचा एक विषय ठरवा. कोण बोलणार तेही ठरवा, आणि ह्या खेपेला नेहमी न बोलणाऱ्याला पुढे करा. त्याची किंवा तिची तीन वाक्ये कागदावर उतरवून घ्या आणि सभेच्या दिवसापर्यंत रोज एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. सभेत छाती धडधडेल, ती धडधडू द्या. पहिले वाक्य बोलून होईपर्यंत बसायचे नाही, एवढाच निश्चय करून उठा. आणि सभा संपल्यावर भाऊसाहेबांकडे जाऊन आपला विषय वहीत आला की नाही, तेवढे पाहूनच घरी या.